दीड तासाचं व्याख्यान टीव्हीवर बघतंय कोण?

कोपऱ्यावरचा: परवा सासऱ्यांनी टीव्हीवर कुठल्यातरी व्याख्यानमालेचं रेकॉर्डिंग लावलं. एक बाई, एक माइक, मागे फ्लेक्सवर प्रायोजकांची नावं. दीड तास कॅमेरा हलला नाही. विचारात दम असेल तर आठ मिनिटांत सांगता येतो, नसेल तर दीड तास कशाला? आणि प्लीज 'आमच्या वेळचं दूरदर्शन' म्हणून गळे काढू नका, तेव्हा दुसरं चॅनेलच नव्हतं म्हणून लोक बघत होते.

बदलापूरची: दोन दिवस गप्प बसले, पण ते आठ मिनिटांचं डोक्यातून जाईना.

माझे बाबा फोर्टात कारकून होते. साडेपाचला सुटायचे, दादरला व्याख्यान साडेसहाला. पण साडेसहाला सुरू होतंय कुठे, आधी दीपप्रज्वलन, मग स्वागतगीत, मग अध्यक्षांचा परिचय, मग वक्त्याचा परिचय जो वक्त्यालाही नवीन असायचा. बोलायला तोंड उघडेपर्यंत सव्वासात. आणि बाबांना बदलापूरची गाडी. ती चुकली की पुढचीला तासभर थांबा आणि दारात लटका. त्यामुळे ते कायम कडेच्या खुर्चीवर, डब्याची पिशवी मांडीवर, छत्री पायाशी, आणि डोळा भिंतीवरच्या घड्याळावर. ते म्हणायचे, मी आयुष्यात एकाही व्याख्यानाचा शेवट ऐकला नाही.

शेवट त्यांनी ऐकले ते टीव्हीवर. आमच्याकडे शटरवाला ब्लॅक अँड व्हाईट सेट होता, दूरदर्शनवर साहित्यिकांना बोलतं करणारं 'प्रतिभा आणि प्रतिमा' लागलं की बाबा शटर सरकवायचे आणि आम्हा पोरांना गॅलरीत हाकलायचे. पगाराच्या पाकिटाच्या मागे पेन्सिलीने टिपणं काढायचे. ती पाकिटं अजून आहेत माझ्याकडे. दुसरं चॅनेल नव्हतं हे खरंय हो, पण टीव्ही बंद करायचं बटण तर होतं ना?

शिवाजीपार्कवाला: बाबांबद्दल आदर आहे, पण खरं बोलतो. वक्ता मुद्द्यावर येतो आणि नेमका तेव्हा कडेचा माणूस उठतो, पिशवी चुरचुर, छत्री धडाम, 'जरा पाय घ्या', अख्खी रांग उभी. वक्त्याचा धागा तुटतो. वेळ नसेल तर येऊ नये, साधी गोष्ट आहे.

बदलापूरची: साधी गोष्ट आहे कारण तुम्ही चालत घरी जाता.

शिवाजीपार्कवाला: मी वन बीएचकेत राहतो मॅडम, तेही भाड्याच्या. उगाच मला बंगलेवाला करू नका.

डोंबिवली फास्ट_नाही: चालत तर जाता ना! आमच्याकडच्या माणसाने विचार ऐकायला यायचंच नाही का मग? सगळी सभागृहं दादर, पार्ला, गिरगावात, माणसं राहायला गेली कल्याणच्या पुढे, आणि 'शिस्त नाही' आम्हाला. गाडीत चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून गेलायत का कधी व्याख्यानाला?

पार्लेकर काका: गाडीचं राहू द्या. खरा चोर शाल-श्रीफळ आहे. मी अकरा वर्षं एका छोट्या व्याख्यानमालेचं काम केलं. एके वर्षी ठरवलं, सत्कार बंद, थेट व्याख्यान. वेळेवर सुरू, वेळेवर संपलं, लोक खूश. दुसऱ्या वर्षी देणगीदाराने देणगीच दिली नाही, का तर 'स्टेजवर बोलावलं नाहीत'. तिसऱ्या वर्षी शाल परत आली, नारळही आला. तेव्हा बोलणाऱ्यांनी आधी पावती फाडावी.

डोंबिवली फास्ट_नाही: म्हणजे माझी गाडी तुमच्या देणगीदाराच्या शालीपायी चुकते!

पार्लेकर काका: हो. आणि खुर्च्यांचं भाडं त्याच शालीतून निघतं.

शिवाजीपार्कवाला: प्रश्नोत्तरं विसरलात का? 'माझा प्रश्न नाही, पण दोन शब्द' म्हणून पंधरा मिनिटं स्वतःचं आत्मचरित्र सांगणारे? त्यांच्यासाठी गाडी लवकर यायला पाहिजे.

अर्धवट पत्रकार: मूळ मुद्द्यावर या की. लांबी हा प्रॉब्लेम नाहीच, चॅनेलवाले चर्चेच्या नावाखाली नऊ खिडक्यांत नऊ माणसं कोंबतात तो आहे. मी एकदा अशा एका चर्चेत बसलोय. मला आधीच फोन करून विचारलं, 'तुम्ही विरोधात आहात ना? थोडं आहे म्हणालात तर नको.' एकूण बोललो चाळीस सेकंद, त्यातली वीस अँकरची.

आणि हे आपल्याकडचं पाप आहे असं समजू नका. १९६८ साली अमेरिकेत एबीसी चॅनेलने उजव्या विचारांचा विल्यम बकली आणि डाव्या विचारांचा लेखक गोर विडाल यांना समोरासमोर बसवलं, कारण चॅनेल रेटिंगमध्ये मागे होतं. दोन विद्वान, शेवटी ऑन एअर शिवीगाळ आणि थोबाड फोडायची धमकी. तिथून पुढे सगळ्यांना कळलं की भांडण स्वस्तात पडतं आणि बघितलं जातं.

बदलापूरची: तोच बकली तीन वर्षं आधी, १९६५ला, केंब्रिज विद्यापीठाच्या वादविवाद मंडळात, केंब्रिज युनियनमध्ये, कृष्णवर्णीय लेखक जेम्स बाल्डविनसमोर उभा होता. बीबीसीने दाखवलं. विषय, अमेरिकन स्वप्न काळ्यांच्या जिवावर उभं राहिलं का. प्रत्येकाला सलग बोलू दिलं, शेवटी मतदान, बाल्डविनच्या बाजूने ५४४, विरोधात १६४. माणूस तोच, मांडणी बदलली की केवढा फरक. आजही पाहा, बाल्डविन संपवतो तेव्हा अख्खं सभागृह उठून उभं राहतं. आठ मिनिटांत बसवा बरं ते.

कोपऱ्यावरचा: बाल्डविन अपवाद आहे. आपल्याकडे दीड तासातला तासभर 'सन्माननीय व्यासपीठ' असतं. आणि टीव्हीवर दिसण्यालाच महत्त्व, १९६०च्या अमेरिकन अध्यक्षपदाच्या केनेडी-निक्सन डिबेटला रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन जिंकला वाटला आणि बघणाऱ्यांना केनेडी. मग विचार गेला कुठे?

अर्धवट पत्रकार: ते सगळे सांगतात. मुळात तो एका छोट्या सर्व्हेवरचा डोलारा आहे, आणि रेडिओवर ऐकणारे जास्त करून ग्रामीण भागातले, तिथे निक्सनला आधीच पाठिंबा होता. व्हॉट्सअ‍ॅपवरून उचललंत वाटतं.

कोपऱ्यावरचा: पुस्तकातून उचललं, पण ठीके, मागे घेतो. एवढ्यावर तुमचा विजय साजरा करा, नारळ फोडा.

पार्लेकर काका: शाल पण देऊ का?

पुणेकर_इन_मुलुंड: आमच्याकडे वसंत व्याख्यानमाला १८७५ पासून चालू आहे, न्यायमूर्ती रानड्यांनी सुरू केली, आणि तिथे लोक

डोंबिवली फास्ट_नाही: पुण्याला गाडी पकडायची नसते, बसा.

शिवाजीपार्कवाला: बदलापूर ताई, पुढच्या वेळी कडेची खुर्ची मोकळी ठेवतो. छत्री मात्र बाहेर ठेवा.

बदलापूरची: बाबा आता नाहीत. पण सांगितलंत ते बरं केलं.

शिवाजीपार्कवाला: अरे. सॉरी.

कोपऱ्यावरचा: सासऱ्यांकडे परत गेलो होतो आज. ते रेकॉर्डिंग लावलं, पहिली पंचवीस मिनिटं पुढे ढकलली, अपेक्षेप्रमाणे सत्कार. नंतर बाई बोलल्या ते, मान्य, आठ मिनिटांत नसतं मावलं. एकोणीसमध्ये मावलं असतं. तुमच्याकडच्या त्या पाकिटांवर काय लिहिलंय ते टाका कधीतरी, फोटो नको, टाइप करा, पेन्सिल दिसत नाही.

बदलापूरची: एकावर फक्त 'शेवट ऐकला' एवढंच आहे, खाली दोन रेघा मारल्यात. वक्त्याचं नाव लिहायचं राहिलंय.