मदत हवी आहे: लिव्हरच्या जखमेसाठी कॉन्ट्रास्ट सोनोग्राफी पुण्यात कुठे होते?

नमस्कार मंडळी. माझा ११ वर्षांचा भाचा सिंहगड रोडला सायकलवरून पडला. हँडलचं टोक पोटात बसलं. वरून दिसायला बरगडीखाली रुपयाएवढा काळानिळा डाग, बस्स. साध्या सोनोग्राफीत काही आलं नाही, सीटी स्कॅनमध्ये मात्र लिव्हरला चीर दिसली. ऑपरेशन लागलं नाही, पोर घरी आलंय.

आता पुन्हा तपासायचंय. शिरेतून वायूचे अतिसूक्ष्म बुडबुडे सोडून करतात ती सोनोग्राफी चालेल, असं डॉक्टर म्हणाले. त्यात रेडिएशन नाही, वायू श्वासावाटे निघून जातो, किडनीवर ताण येत नाही. पण त्यांच्याकडे ती सोय नाही.

पुण्यात लहान मुलांची ही तपासणी कुठे करतात? खर्च किती येतो? ताई फार घाबरलीय, रात्रभर त्याच्या उशाशी बसून असते. कृपया लवकर कळवा.