कमी खर्चात टिकाऊ आणि वरखाली होणारा मॉनिटर: अनुभव सांगा

दुकानात मॉनिटर मागितला की आधी इंच दाखवतात, मग हर्ट्झ. स्टँड वरखाली होतो का, असं विचारलं तर "पुढेमागे झुकतो ना!" हे उत्तर ठरलेलं. हा धागा त्या स्टँडसाठी आणि मॉनिटर आठ-दहा वर्षं चालावा यासाठी. बजेट पंधरा हजारांच्या आत, काम लिखाण-हिशेब-कोडचं, गेमिंग नाही. 'माझा अमुक ब्रँड भारी' एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या. मापं, स्क्रू, काय बिघडतं आणि का बिघडतं, ते लिहा. (खाली प्रत्येक उत्तरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

स्टोअररूम

या बजेटमध्ये नवीन घेतलात तर पैसे पॅनेलवर जातात आणि स्टँडच्या नावाखाली एक प्लॅस्टिकची काडी मिळते. म्हणून कंपन्यांच्या लीजवरून परत आलेले ऑफिस मॉनिटर बघावेत: डेलची पी मालिका, एचपीची ई, लेनोवोची थिंकव्हिजन टी. यांचे मूळ स्टँड वरखाली होतात, डावीउजवीकडे वळतात, पडदा उभाही करता येतो. डेल पी२४१९एचचा स्टँड १३० मिमी उचलतो, पी२४२२एचचा १५० मिमी. मुंबईत लॅमिंग्टन रोडला असा माल मिळतो.

दुकानात हे बघा. पडदा पूर्ण वर घेऊन हात काढा. हळूहळू खाली बसत असेल तर स्प्रिंग गेली, तो सोडून द्या. मग पडद्याचा मध्य धरून हलवा. थोडं डुलणं चालतं, 'कट्' आवाज नको. बैठकीखालचा अंगठ्याने फिरवायचा स्क्रू जागेवर आहे ना ते पाहा, तो हमखास हरवलेला असतो. आणि पडदा काढलेला असताना स्टँडची खालची खटकी दाबू नका. वजन नसलेला खांब सुटला की सरळ हनुवटीवर येतो.

पडद्यासाठी तीन चित्रं मोबाइलवर ठेवा: पूर्ण पांढरं, पूर्ण काळं, मध्यम राखाडी. पांढऱ्यावर पिवळे कोपरे दिसतात, काळ्यावर कडेची प्रकाशगळती. राखाडीवर खालच्या टास्कबारची सावली दिसली तर तो मॉनिटर वर्षानुवर्षं एकच एक्सेल दाखवत बसलेला होता. ब्राइटनेस ऐंशीच्या खाली आणल्यावर वाचणं जड जात असेल तर बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा दिवा, म्हातारा झालाय.

किती तास चालला तेही बऱ्याचदा कळतं. लॅपटॉपवर लिनक्स असेल तर डीडीसीयूटिल या प्रोग्रॅमने मॉनिटरचा सी-शून्य (वापराचे तास) हा कोड वाचा. सगळे मॉनिटर उत्तर देत नाहीत, पण देतात तेव्हा दुकानदाराचं 'फक्त सहा महिने वापरलाय' तपासता येतं. मॉनिटर स्वतःबद्दल संगणकाला जी माहिती देतो (ईडीआयडी), तिच्यात निर्मितीचं वर्षही असतं.

सोल्डर

टिकाऊपणाचा प्रश्न पॅनेलपेक्षा पॉवर सप्लायचा जास्त असतो. दिवा लुकलुकतो, मॉनिटर चालू व्हायला चार-पाच वेळा बटण दाबावं लागतं, तापला की सुरळीत चालतो: ही फुगलेल्या कपॅसिटरची लक्षणं. कपॅसिटर म्हणजे बोर्डवरचे वीज साठवणारे डबीसारखे भाग; यातले बिघडणारे बहुधा १६ किंवा २५ व्होल्टचे असतात. बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्टेज तेवढं किंवा जास्त, १०५ अंशांचे आणि लो-ईएसआर (अंतर्गत रोध कमी असलेले). साधे ८५ अंशांचे टाकले की तीच तक्रार परत येते. मॉनिटर नुकता प्लगमधून काढला असेल तर वीज आत येते त्या बाजूच्या सर्वांत मोठ्या कपॅसिटरला हात लावू नका, त्यात तीनशेवर व्होल्ट शिल्लक असू शकतात.

बाहेर ॲडॅप्टर असलेल्या मॉनिटरला लोक नाकं मुरडतात. मला उलट तो बरा वाटतो. उष्णता बाहेर राहते आणि गेला तर बदलायला पेचकसही लागत नाही. नवा घेताना व्होल्ट तंतोतंत तेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त, पिनचा आकार आणि ध्रुव जुळलेले.

पडदा काळा पडला पण मॉनिटर चालू आहे असं वाटलं तर अंधारात टॉर्च तिरकी धरा. चित्र अंधूक दिसलं तर पॅनेल शाबूत, बॅकलाइट किंवा त्याचा ड्रायव्हर गेलाय. दुरुस्ती परवडू शकते. उभी रंगीत रेघ कायमची आली असेल तर पैसे घालू नका. ती बहुधा पडद्याच्या कडेला चिकटवलेल्या पट्ट्यांपाशी होते, आणि कारण पुष्कळदा साफसफाई: काचेवरचं स्प्रे थेट मारलं की थेंब खालच्या फ्रेममध्ये उतरतो. मायक्रोफायबर फडका किंचित ओला करा, पडदा बंद ठेवून पुसा. पडद्याआड चिलट दिसलं तर दाबू नका. मेलं की तिथेच चिकटतं.

जोडाक्षर

उभा पडदा डीटीपीला, लांब मजकुराला आणि कोडला फार सोयीचा. पण आधी टेप काढा. २४ इंची १६:९ पडदा ५३ सेंमी रुंद असतो, म्हणजे उभा करताना त्याचा मध्य टेबलापासून निदान २८ सेंमी वर हवा. २७ इंचीला ३२ धरा. फिरवताना आधी पडदा पूर्ण वर घ्या आणि थोडा मागे झुकवा, नाहीतर कोपरा बैठकीवर घासतो.

टीएन (स्वस्त, तिरकं बघितलं की रंग बदलणारं) पॅनेल उभं करू नका. त्याचा वरून-खालून दिसण्याचा दोष मग डावीउजवीकडे येतो आणि दोन डोळ्यांना दोन वेगळ्या छटा दिसतात. कुठूनही सारखं दिसणारं आयपीएस पॅनेलच घ्या. उभ्या पडद्यावर विंडोजची अक्षरं कडांना रंगीत वाटली तर क्लिअरटाइप (विंडोजची अक्षरं गुळगुळीत दाखवायची सोय) बंद करून बघा. पिक्सेलचे लाल-हिरवे-निळे भाग आता एकावर एक आलेले असतात.

आकाराचं गणित देवनागरीसाठी महत्त्वाचं आहे. १९२० बाय १०८० पिक्सेल २४ इंचात इंचाला साधारण ९२ पडतात, २७ इंचात ८२. बारीक टंकात रफार आणि अनुस्वार २७ वर फुटतात. २७ हवाच तर २५६० बाय १४४० घ्या, तिथे १०९ पडतात. नाहीतर २४ वर थांबा.

किनारपट्टी

कोकणात मॉनिटर विजेमुळे जातो. पावसाळ्यात गडगडाट सुरू झाला की नुसतं बटण बंद करून भागत नाही. प्लग काढा, आणि राउटरकडून संगणकात येणारी लॅनची तारही काढा, कारण विजेची लाट तिथून येऊन एचडीएमआयने मॉनिटरपर्यंत पोचते. मॉनिटरच्या मागच्या धातूला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर बहुतेक अर्थिंग नाही. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज बघा. पाचच्या वर दिसलं तर आधी वायरमन, मग मॉनिटर. तीन पिनचा प्लग दोन पिनच्या सॉकेटात घालायचा ॲडॅप्टर घरातून हद्दपार करा.

ॲलनकी

स्टोअररूम यांच्याशी अर्धा सहमत. स्टँड वाईट असला तरी मागे व्हेसाची (स्टँड किंवा आर्म बसवायच्या ठरावीक मापाची) चार भोकं असली की झालं: १०० बाय १०० किंवा ७५ बाय ७५ मिमी. स्क्रू एम४, लांबी साधारण १० मिमी. भोक खोलगट असेल तर स्पेसर लावून लांब घ्या. टेकल्यावर जोर लावू नका, आतलं काही फुटू शकतं. काही स्वस्त मॉनिटरना ही भोकंच नसतात, म्हणून मागचा फोटो बघितल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

गॅसस्प्रिंगचा आर्म (टेबलाला आवळायचा, पडदा धरणारा हात) घेताना कमाल वजनाइतकंच किमान वजनही बघा. स्टँडशिवायचा २४ इंची मॉनिटर साधारण साडेतीन किलोचा. आर्मचं किमान वजन याहून जास्त असेल तर स्प्रिंग सैल करूनही पडदा वर सरकत राहू शकतो. प्री-लॅमच्या (दाबलेल्या भुशाच्या फळीच्या) टेबलावर क्लॅम्प आवळला की भुसा दबून खड्डा पडतो. वरखाली प्लायवुडचा किंवा पत्र्याचा तळहाताएवढा तुकडा घाला. काचेच्या टेबलाला क्लॅम्प नकोच.

चष्मिश

पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, हा नियम साध्या चष्म्याचा. प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल असेल तर पाच-सात सेंमी आणखी खाली आणि पडदा थोडा मागे कललेला, नाहीतर दिवसभर मान वर. म्हणजे स्टँड किती वर जातो याइतकंच तो किती खाली येतो हेही विचारा. निव्वळ उंची वाढवायची असेल तर ए४ कागदाचं ५०० पानी रीम साधारण ५ सेंमीचं असतं.

स्टोअररूम

ॲलनकी, आर्मचा खर्च धरूनही बजेटमध्ये बसत असेल तर हरकत नाही. फक्त नवा मॉनिटर असेल तर डेड पिक्सेलची (न पेटणाऱ्या ठिपक्यांची) अट आधी वाचा. एक-दोन ठिपक्यांवर बरेच जण बदलून देत नाहीत. आणि मागच्या लेबलवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) आर-ने सुरू होणारा क्रमांक असतो, तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते दिसतं. जुन्या मालाला दुकानाची लेखी वॉरंटी घ्या, बिलावर मॉनिटरचा सिरियल क्रमांक लिहून.