मदत हवी आहे: सोफ्यामागच्या भिंतीवर अमूर्त चित्रांचे प्रिंट कसे लावू?

रानजाई
पुढच्या रविवारी वास्तुशांत आणि हॉलची मोठी भिंत अजून ओकीबोकी आहे. अमूर्त चित्रांचे तीन प्रिंट फ्रेम करून आणलेत. सोफ्याच्या वर धरून पाहिले तर अगदी हरवल्यासारखे दिसतात. आई म्हणते अजून वर घे, नवरा म्हणतो एकच लाव. भोकं एकदाच पाडायची आहेत. किती उंचीवर, आणि तिन्ही की एकच? लवकर सांगा प्लीज.

घारापुरी
मापं द्या की! भिंत किती फूट, सोफा किती, प्रिंट केवढे? खिडकी कुठल्या बाजूला?

काळाघोडा
मुळात प्रिंट घेतलेतच कशाला? मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरीच्या बाहेर फुटपाथवर चित्रकार स्वतः बसलेले असतात. जेजे स्कूल ऑफ आर्टच्या वार्षिक प्रदर्शनात विद्यार्थ्यांची कामं मिळतात. हाताने लावलेला रंग घरात असण्यात वेगळी मजा आहे.

तिन्हीसांज
@काळाघोडा, अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंड्यांचं एक चित्र 2021 मध्ये जवळपास 40 कोटींना गेलं. आमच्यासारख्यांनी त्यांच्या धाटणीचं काही रोज बघायचंच नाही का? चांगल्या कागदावरचा, पिगमेंट शाईचा (लवकर न विटणाऱ्या) प्रिंट घ्यावा, त्यात कमीपणा कसला? फक्त अधिकृत आहे ना ते बघा. चित्रकार गेल्यावरही 60 वर्षं चित्राचे कॉपीराइट हक्क राहतात. गायतोंडे 2001 मध्ये गेले, म्हणजे अजून बरीच वर्षं कुणीही उठून त्यांचे प्रिंट विकू शकत नाही.

काळाघोडा
मी गायतोंडे घ्या म्हटलंच नाही. तरुण चित्रकारांचं घ्या म्हटलं.

शुभंकर
ताई, भिंत कुठल्या दिशेची? दक्षिणेला निळा रंग टाळा. आमच्याकडे बदलल्यावर फरक जाणवला.

रानजाई
भिंत 11 फूट, सोफा 7 फूट. प्रिंट 12 बाय 16 इंच, उभे, बारीक काळी पट्टी. खिडकी बरोबर समोर. टॉवरमधलं घर आहे, मायवानच्या म्हणजे साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती. ओरिजिनल आणि दिशा हे प्रश्न माझे नाहीत, उंचीचं कुणी सांगाल का?

घारापुरी
आता बोलता येईल. सोफ्यावरच्या चित्रांची मिळून रुंदी सोफ्याच्या दोन तृतीयांश तरी हवी, म्हणजे तुमच्याकडे 56 इंच. तुमचे तीन शेजारी लावून मधे 3-3 इंच सोडले तरी 42 च होतात, म्हणून हरवतात. एकच लावलंत तर आणखी हरवेल. फ्रेमवाल्याकडून चारी बाजूंनी 3 इंच माउंट (चित्राभोवतीची जाड कागदाची चौकट) घालून घ्या. प्रत्येक 18 इंच झालं, तीन मिळून 54, मधे दोन-दोन इंच. भिंत भरते.
उंची: मोकळ्या भिंतीवर चित्राचा मध्य जमिनीपासून 57 ते 60 इंच ठेवतात. सोफा असेल तर तो नियम सोडा, फ्रेमची खालची कड सोफ्याच्या पाठीच्या वर 6 ते 8 इंच. आई म्हणतात तसं वर नेलंत तर चित्रं आणि सोफा यांची फारकत होईल.
भोकं पाडण्याआधी वर्तमानपत्राचे त्याच मापाचे तुकडे कापून मास्किंग टेपने चिकटवा आणि दाराशी उभं राहून बघा.

गोगलगाय
भोकं कशाला, चिकटपट्ट्या मिळतात. आमच्याकडे दोन वर्षं टिकल्यात.

घारापुरी
डिस्टेंपर असेल तर पट्टी रंगासकट सोलून येते, आणि काचेची फ्रेम सोफ्यावर बसलेल्याच्या डोक्यात पडेल. मायवानला खिळा वाकतो. हॅमर ड्रिल, 6 मिमीचं बिट आणि प्लग, दुसरं काही नको.

पाजपंढरी
खिडकी समोर आहे म्हणजे साध्या काचेत चित्राऐवजी खिडकीच दिसेल. फ्रेम उघडताय तर नॉन-रिफ्लेक्टिव्ह काच टाकून घ्या. आणि माउंट हवाच, कारण कागद काचेला टेकला की पावसाळ्यात चिकटतो. आमच्याकडे दापोलीत एका प्रिंटचा कागद लाटेसारखा फुगला, कोपऱ्यात तपकिरी ठिपके आले. आता फ्रेमच्या मागे खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावतो, हवा खेळती राहते.

मधुमालती
पडदे ऑफव्हाइट लिननचे घ्या, खोली मोठी दिसते.

रानजाई
@घारापुरी, @पाजपंढरी, खूप आभार. फ्रेमवाला शनिवारपर्यंत देतो म्हणाला. कागद चिकटवून बघितले, आई पण आता हो म्हणतेय. एक विचारायचं राहिलं: तिघांतला एक फार गडद आहे, तो मधे घेऊ की कडेला?

घारापुरी
आधी तिन्हींचा फोटो टाका.