मदत हवी आहे: ऑटोक्लेव्हनंतर पडद्यातून पीव्हीपी सुटतंय

डायलिसिससाठी पॉलिईथरसल्फोनचे (पीईएस) सपाट पडदे बनवतेय. १८ टक्के पीईएस, ५ टक्के पीव्हीपी के-३० (पॉलिव्हिनाइलपायरोलिडोन, पडद्याला पाण्याची ओढ देणारा पॉलिमर), द्रावक एनएमपी. काचेवर थर ओढून लगेच पाण्यात बुडवते. ताज्या पडद्यावर पाण्याचा थेंब अलगद पसरतो, संपर्ककोन (जितका कमी तितकी पाण्याची ओढ जास्त) ५५ अंशांच्या आसपास. १२१ अंश सेल्सिअसला २० मिनिटं ऑटोक्लेव्ह केलं (दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक केलं) की तोच थेंब फुगून बसतो, कोन ७४. धुतलेलं पाणी बोटांना बुळबुळीत लागतं आणि अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) जवळपास दुप्पट चिकटतं. पीईएसचं काचसंक्रमण तापमान २२० अंशांच्या वर आहे, त्यामुळे सांगाडा मऊ होत नसावा. जातंय ते पीव्हीपीच, असं माझं ठाम मत झालंय.

जास्त लांब साखळ्यांचं पीव्हीपी के-९० वापरून पाहिलं. गळती घटली, पण द्रावण इतकं घट्ट झालं की रात्रभर ठेवूनही बुडबुडे जाईनात, आणि पडद्याला टाचणीएवढी भोकं पडली. आधीच गरम पाण्यात धुतलं तर गळती थांबते खरी, पण पाण्याची ओढही जाते. हायपोक्लोराइट कृपया सुचवू नका, त्याने पीव्हीपीच्या साखळ्याच तुटतात. इथिलीन ऑक्साइडची सोय नाही. २५ किलोग्रे गॅमा किरणांचा डोस मिळेल, पण एकाच बॅचला, म्हणून आधी विचारतेय.

पडदा पाण्यात बुडवूनच गॅमा दिला तर पीव्हीपी जागच्या जागी क्रॉसलिंक होऊन (साखळ्या एकमेकींना जोडल्या जाऊन) टिकेल का? की आधी पोटॅशियम परसल्फेटमध्ये भिजवून तापवणं बरं? आणि दोन्हींपैकी कशात छिद्रं बुजण्याचा धोका कमी?