मदत हवी आहे : मोटर शाफ्टसाठी ग्राइंडर घ्यावा का? (रबाळे, छोटा कारखाना)

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसती वाचते आहे, धागा काढायची ही पहिलीच वेळ. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

रबाळे एमआयडीसीत आमचा गाळा आहे. बाबांनी वागळे इस्टेटला भाड्याच्या जागेत दोन लेथवर सुरुवात केली. तिथे आजूबाजूला काचेच्या इमारती उठायला लागल्या तसे आम्ही खाडी ओलांडून इकडे आलो. आज चार सीएनसी (संगणकावर चालणारी यंत्रं), एक सेंटरलेस ग्राइंडर (बाहेरून घासून नेमकं माप देणारं यंत्र) आणि नऊ माणसं. माल एकच, दुचाकीच्या इंजिनातले व्हॉल्व्ह गाइड, म्हणजे व्हॉल्व्ह ज्यातून सरळ वरखाली होतो ते. करंगळीच्या दोन पेरांएवढी नळी. माप तपासायच्या गेजची 'गो' बाजू आपल्या वजनाने सरकन आत गेली पाहिजे, 'नो-गो' तोंडाशीच अडली पाहिजे. बाबा गेज हातात धरून दुसरीकडे बघत माल तपासतात. मी कॉमर्सवाली, मला हिशेब कळतात.

इलेक्ट्रिक गाडीला व्हॉल्व्हच नाही, म्हणजे गाइडही नाही. म्हणून फेब्रुवारी २०२५ मध्ये आमच्या जुन्याच ग्राहकाने इलेक्ट्रिक तीनचाकीच्या मोटरचा शाफ्ट (फिरणारा दांडा) विचारला तेव्हा मी लगेच हो म्हटलं. बेअरिंग बसतं तिथे ८ मायक्रॉनची (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आठपटीची) मुभा. टर्निंग आमच्याकडे, ग्राइंडिंग तुर्भ्याला जॉबवर्कवर. सॅम्पल पास झाले. जूनमध्ये फोन आला, "मॅडम, शेड्यूल होल्ड. मॅग्नेट नाहीत." अकराशे शाफ्ट तेलाच्या कागदात गुंडाळून रॅकवर पडले. स्टील आमच्या पैशाचं. तिकडे ट्रम्पनी आयातशुल्क लावलं, चीनने मोटरला लागणारे मॅग्नेट अडवले आणि इकडे रबाळ्यात आमचा पगार एक आठवडा लांबला!

आता तोच ग्राहक महिन्याला ६००० नग म्हणतोय, पण ग्राइंडिंग घरात हवं ही अट. नव्या सीएनसी ग्राइंडरचं कोटेशन ४८ लाख. बँकवाले गाळा तारण मागतात. बाबांचं म्हणणं, "इंजिन कुठं जात नाही." तेही खोटं नाही. सप्टेंबरात ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींचा जीएसटी २८ वरून १८ वर आला आणि गाइडच्या ऑर्डरी वाढल्या. मॅग्नेट पुन्हा अडकले तर? आणि अमेरिका-युरोपने दारं लावल्यावर चीनचा माल इकडेच ओतला जाणार का? माहितगारांनी सांगावं.

जुना_खरेदीवाला :
ताई, मी एका मोटर बनवणाऱ्या कंपनीत परचेसला होतो, २०२५ चा उन्हाळा आतून पाहिलाय. ४ एप्रिलला चीनने सात रेअर अर्थ (दुर्मीळ मृदा) मूलद्रव्यं आणि त्यांच्या मॅग्नेटच्या निर्यातीवर परवाना लावला. त्यात डिस्प्रोसियम आणि टर्बियम आहेत. मोटर तापली तरी मॅग्नेटने जोर सोडू नये म्हणून ते घालतात. असले मॅग्नेट जगात ९० टक्क्यांच्या आसपास एकट्या चीनमध्ये बनतात. आमचे कागद दिल्लीहून बीजिंगला जायचे, वापर कुठे होणार याची हमी द्यायची आणि मग नुसती वाट बघायची. ऑक्टोबरातले वाढीव निर्बंध त्यांनी नोव्हेंबरात वर्षभरासाठी थांबवले, एप्रिलचे मात्र उठवले नाहीत. आपल्या सरकारने त्याच नोव्हेंबरात ७२८० कोटींची मॅग्नेट योजना मंजूर केली, वर्षाला ६००० टन क्षमता उभी करायची. पण कारखाना म्हणजे गणपतीचा मंडप नव्हे, रातोरात उभा राहत नाही.

तेव्हा धोका आहेच. पण तो मॅग्नेटला आहे, शाफ्टला नाही. बऱ्याच कंपन्या फेराइट मॅग्नेटच्या (यात रेअर अर्थ लागत नाही) किंवा बिनमॅग्नेटच्या मोटरवर काम करतायत. शाफ्ट त्यांनाही लागतोच. ग्राहकाला सरळ विचारा, दुसऱ्या मोटरचं ड्रॉइंग तयार आहे का आणि शाफ्टमध्ये काय बदलतं.

उरणचा_पाऊस :
वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. चीनचा माल इकडे ओतला जाणार का, या दुसऱ्या प्रश्नाबद्दल थोडं.

अमेरिकेने २०२४ मध्येच चिनी इलेक्ट्रिक गाड्यांवर १०० टक्के शुल्क लावलं. युरोपने त्याच वर्षी ऑक्टोबरात नेहमीच्या १० टक्क्यांवर बीवायडीला १७ आणि एसएआयसीला ३५.३ टक्के जास्तीचे लावले, दोन्ही चिनी गाडी कंपन्या. बीवायडी तरी गप्प बसली होती का? थायलंडमध्ये कारखाना काढला, हंगेरी आणि ब्राझीलही धरलं. भिंत बांधली की हे लोक पलीकडे घर बांधतात. आपल्याकडे तयार गाडीवर जबर शुल्क आहे, त्यामुळे गाड्यांचा लोंढा येणार नाही. तुम्हाला खरी भीती न्हावा शेवा बंदरात उतरणाऱ्या खोक्याची आहे. अख्खी मोटर, शाफ्ट-मॅग्नेटसकट, जोडून तयार. मॅग्नेट अडवायचे आणि मोटर मात्र विकायची, यातली गंमत लक्षात घ्या.

त्याला तोड एकच. वाहन उद्योगाच्या पीएलआयचा (उत्पादनावर मिळणाऱ्या सरकारी प्रोत्साहनाचा) लाभ हवा तर किमान ५० टक्के मूल्यवर्धन देशात दाखवावं लागतं. तुमच्या ग्राहकाचा ग्राहक त्यात आहे का, ते काढा. असेल तर तो खोकं सहजासहजी मागवणार नाही.

चहाटळ :
बाबांना पहिलं मत. शंभर नव्या दुचाकींत इलेक्ट्रिक अजून सहा-सातच आहेत. तीनचाकीत मात्र ई-रिक्षा धरून निम्म्याहून जास्त, म्हणजे ताईंनाही एक मत. आता कामाचं बोला : उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) आहे ना? लेखी करार असेल तर ग्राहकाने ४५ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर आयकरात त्या वर्षी त्यांना तो खर्च वजा मिळत नाही. आणि गाळा तारण कशाला? सीजीटीएमएसई या लघुउद्योगांच्या सरकारी कर्जहमी योजनेवर एप्रिल २०२५ पासून १० कोटींपर्यंत कर्ज बिनतारण बसतं. बँकवाले आपणहून सांगत नाहीत, मागावं लागतं.

धागाकर्ती :
सगळ्यांचे मनापासून आभार. सीजीटीएमएसईचं नाव काढल्यावर मॅनेजरसाहेब म्हणाले, "हो, तेही करता येईल." तीन महिने हे कुठे होते?

ग्राहकाकडे काल जाऊन आले. फेराइटच्या मोटरचं ड्रॉइंग आहे. रोटर लांब, त्यामुळे शाफ्ट २२ मिमीने वाढतो, पण बेअरिंगच्या दोन्ही जागा तशाच. म्हणजे ग्राइंडर दोन्हीला चालेल. पीएलआयचं त्यांनी "विचारून सांगतो" म्हटलंय. ६००० चा आकडा मात्र पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) लिहायला तयार नाहीत, नुसता फोरकास्ट (अंदाज). स्टीलचे पैसे आधी द्या म्हटलं तर निम्मे देतो म्हणाले.

नवा ग्राइंडर यावर घेणार नाही. भोसरीला एक वापरलेला बघितलाय, १७ लाख सांगतायत. बाबांनी अकराशेतले पाच शाफ्ट उघडून मापले. गंज नाही, माप तसंच. मग मलाच म्हणाले, "त्याचा स्पिंडल, चाक फिरवणारा कणा, कोण बघणार? मला डोळ्यांनी दिसत नाही आता."

तर भोसरी-चाकणकडे ग्राइंडरचा स्पिंडल तपासून देणारा भरवशाचा माणूस कुणाच्या ओळखीत आहे का? शनिवारी जायचं आहे. व्यनि (खाजगी निरोप) केला तरी चालेल.