मदत हवी: प्रोस्टेट कॅन्सरच्या इम्युनोथेरपीसाठी फक्त गाठीवरचं लक्ष्य कसं निवडायचं?

टीसीजीए या कॅन्सर-जनुकांच्या सार्वजनिक डेटासंचातले सुमारे ५०० प्रोस्टेट ट्यूमर आणि शेजारच्या ‘निरोगी’ ऊतीचे ५२ नमुने यांच्या आरएनए-सीक्वेन्सिंगची (कोणतं जनुक किती सक्रिय आहे याच्या मोजणीची) तुलना केली आहे. ट्यूमरमध्ये जास्त सक्रिय असलेल्या जनुकांच्या यादीत वर एएमएसीआर, पीसीए३, हेप्सिन येतात. म्युटेशन्स फारच कमी. टीएमपीआरएसएस२-ईआरजी फ्यूजन (दोन जनुकं तुटून एकमेकांना जोडली जाणं) मात्र पुष्कळ नमुन्यांत आहे. त्याच्या जोडावरचे पेप्टाइड (प्रथिनाचे छोटे तुकडे) लक्ष्य म्हणून घ्यावेत का? कार-टी (पेशीच्या पृष्ठभागावरचं लक्ष्य ओळखणाऱ्या टी पेशी) आणि टीसीआर (पेशीच्या आतल्या प्रथिनांचे पृष्ठभागावर आलेले पेप्टाइडही ओळखणारा टी पेशींचा रिसेप्टर) दोन्ही चालतील. चाळणी कुठे चुकते आहे?

प्रतिसाद १

फ्यूजन आधी बाजूला ठेवा. सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात टीएमपीआरएसएस२चा पहिला एक्झॉन (जनुकाचा आरएनएत टिकणारा तुकडा) ईआरजीच्या चौथ्याला जोडलेला असतो, आणि त्या पहिल्या एक्झॉनमधून प्रथिन बनतच नाही. हाती येतं ते सुरुवातीचा तुकडा गळालेलं ईआरजी. जोड आरएनएत आहे, प्रथिनात नवं अमिनो आम्ल एकही नाही.

चूक तुलनेत आहे. प्रोस्टेटशिवाय माणूस जगतो, हृदयाशिवाय नाही. म्हणून जीटेक्समधल्या (निरोगी अवयवांच्या आरएनए डेटासंचातल्या) प्रत्येक महत्त्वाच्या अवयवाशी ताडून पाहा. प्रोस्टेटमध्ये दिसलं म्हणून लक्ष्य बाद करू नका. टीसीजीए आणि जीटेक्स दोन्ही डेटा एकाच पाइपलाइनमधले, म्हणजे एकाच पद्धतीने प्रक्रिया केलेले घ्या (झेना या संकेतस्थळावरचा टॉइल संच चालेल), नाहीतर बॅचचा (नमुने वेगवेगळ्या पद्धतीने हाताळल्याचा) फरकच ट्यूमरचा फरक म्हणून वर येईल.

तुमच्या यादीतलं पीसीए३ प्रथिन बनवत नाही. एएमएसीआर पेशीच्या आत असतं, कार-टीला ते दिसणारच नाही. हेप्सिन पृष्ठभागावर आहे, पण यकृतातही भरपूर. प्रोस्टेट कॅन्सरसाठी नेहमी घेतलं जाणारं पृष्ठभागावरचं लक्ष्य पीएसएमएसुद्धा लाळग्रंथी, लहान आतड्याचा वरचा भाग आणि मूत्रपिंडाच्या नलिकांमध्ये सापडतं. शिवाय टीसीजीएतले ट्यूमर प्राथमिक आहेत. उपचार लागतील ते पसरलेल्या, हार्मोन उपचारांना न जुमानणाऱ्या आजाराला. उमेदवार त्या नमुन्यांत टिकतो का, हे पाहायलाच हवं.

प्रतिसाद २

टीसीआरसाठी एआर-व्ही७ (पुरुष हार्मोनच्या रिसेप्टरचा बदललेला प्रकार) तपासा. त्याच्या शेवटी मूळ रिसेप्टरमध्ये नसलेली १६ अमिनो आम्लं आहेत, म्हणजे किमान एक नवं आम्ल असलेले नऊ-नऊचे पेप्टाइड फार तर १६. ते नेटएमएचसीपॅनमध्ये (पेप्टाइड एचएलएला, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावर पेप्टाइड दाखवणाऱ्या प्रथिनाला, चिकटेल का याचा अंदाज देणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) टाका, रँक २ टक्क्यांच्या आतले ठेवा. फक्त ए*०२:०१ या एका एचएलए प्रकारावर थांबू नका. भारतीय रुग्णांसाठी ए*११:०१, ए*२४:०२, ए*३३:०३ हेही घ्या.

हा झाला नुसता अंदाज. पेप्टाइड खरंच एचएलएवर येतो का, ते मास स्पेक्ट्रोमेट्रीने बघा. ल्यूसिन आणि आयसोल्यूसिनचं वस्तुमान सारखंच, त्यामुळे कृत्रिम पेप्टाइड बनवून स्पेक्ट्रम आणि रिटेन्शन टाइम दोन्ही जुळवा.

टीसीआर मिळाला की पेप्टाइडमधली एकेक जागा बदलून त्याला काय काय चालतं ते काढा आणि तो नमुना मानवी प्रथिनांत शोधा. मॅज-ए३ या ट्यूमरमधल्या प्रथिनाविरुद्धच्या टीसीआरने हृदयाच्या स्नायूतल्या टायटिन या प्रथिनावर हल्ला केला आणि दोन रुग्ण दगावले. हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं आहे. साध्या कल्चरमधल्या हृदयपेशींत टायटिन नव्हतं, म्हणून आधीच्या चाचणीत धोका दिसला नाही. स्टेम सेलपासून बनवलेल्या, धडधडणाऱ्या हृदयपेशींवरच चाचणी घ्या.