मदत हवी आहे: ११ वर्षांची लेक सतत कुरकुरते

नमस्कार, आम्ही कोथरूडला राहतो. लेक सहावीत आहे. गेले तीन-चार महिने शाळेतून आली की दप्तर सोफ्यावर आपटते आणि कुरकुर सुरू. भाजी नको, धाकटा भाऊ नको. रविवारी महात्मा टेकडीवर हौसेने यायची, आता तेही बोअर. काल वेणी घालताना नुसतं "डबा संपवलास का गं?" विचारलं, तर "तू सारखं तेच विचारतेस" म्हणत रडायलाच लागली. वयात येतानाचे बदल आहेत, कळतं मला. शिवाय या वयाला किमान ९ तास झोप लागते, ती क्लासमुळे आठच्या वर जात नाही. पण ओरडलं की ती आणखी मिटते, आणि गप्प बसणं मला जमत नाही. अशा वेळी तुम्ही नेमकं काय बोलता? शाळेतल्या समुपदेशक ताईंना आत्ताच भेटावं का?